डब्याचं काही लिहिणार नव्हते

तासगाव, मंगळवार

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुमची गाडी वळली आणि मी आत येऊन पाळणा सोडायला घेतला. दुपट्याखाली पिल्लूचं पिवळं झबलं राहिलंय. अजून धुतलेलं नाही मी. काल फोनवर तू म्हणालास, "आई, लेक्चर नको, आम्ही दूध पावडरचा डबा आणलाय." बरं. डब्याचं काही बोलणार नाही.

निघताना उंबऱ्यात मी प्राजक्ताला म्हणाले, "पोर सारखं रडतंय, दूध पुरत नाही वाटतं." ती काहीच बोलली नाही, ओढणी सारखी करत गाडीत बसली. ते वाक्य आत्याबाईंचं, माझ्या सासूबाईंचं होतं रे. 1991 साली, तू अडीच महिन्यांचा असताना, ह्याच उंबऱ्यात त्यांनी मला ऐकवलेलं. माझ्या तोंडून कधी जाणार नाही असं मी तेव्हा ठरवलं होतं.

नुकतीच अंगणवाडीवर लागले होते. दोनला घरी येईपर्यंत छाती दगडासारखी व्हायची, पोलकं भिजायचं, आणि इकडं तू बाटली पिऊन गाढ झोपलेला. पोट भरलेलं, म्हणून तू ओढायचास कमी. ओढणं कमी झालं की दूधही कमी. महिन्याभरात आटलं. "बघ, मी म्हणत होते," आत्याबाई म्हणाल्या. तुझ्या पावडरच्या डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र आहे. पुढं 1992 च्या कायद्यानं तसली चित्रं बंद झाली. आहे म्हणतेय, कारण तो डबा अजून फडताळात आहे, मेथ्या ठेवते त्यात. आणि ह्याच बाईनं 29 वर्षं गावातल्या सुनांना सांगितलं, आईचंच दूध, पाण्याचा थेंबसुद्धा नको. आधी आम्ही चार ते सहा महिने सांगायचो. 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पुरते सहा सांगितले, मग आम्हीही सहा. पण बाई, तुमच्या पोराला किती पाजलंत, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर खोटं बोलले असते.

ऊसतोडीच्या बायका आठवतात. रजा नाही, खुराक नाही, तरी दोन-दोन वर्षं पाजायच्या, कारण पोर फडाच्या कडेला झोळीत, हाताशी असायचं. त्यांचे हाल मी पाहिलेत, कौतुक करत नाही. द्राक्षाच्या विरळणीला मजुरीनं जाणारी मात्र पोर सासूकडं ठेवायची, आणि तिसऱ्या महिन्यात म्हशीचं दूध चालू. दूध काय, दोघींनाही होतं.

प्राजक्ताचं तर आधीपासूनच अवघड. सिझर, दूध उतरलं चौथ्या दिवशी, तोवर दवाखान्यात कुणीतरी चमच्यानं वरचं पाजलेलं. मग कराडला बारशापर्यंत बघायला येणाऱ्यांची रीघ. ती पाजायला बसली की दार कुणीतरी उघडायचंच. आणि रजा! कायद्यानं 26 आठवडे, म्हणजे सहा महिने, कागदावर हिशेब चोख. पण पाय सुजले, बीपी वाढलं, म्हणून तिनं सहा आठवडे आधीच घेतले. उरले 20. कामावर जाईल तेव्हा पिल्लू साडेचार महिन्यांचं. पन्नास किंवा जास्त माणसं असली तर कंपनीनं पाळणाघर द्यायचं असतं, आणि आईला दिवसातून चारदा तिथं जाता येतं. हेही कायद्यातच आहे. तू विचार. तिला विचारायला लावू नकोस, ती आधीच सगळीकडं कमी पडतेय असं तिला वाटतंय.

बघ, परत शिकवायला लागले. माफ कर.

पण एवढंच. संध्याकाळी पोर तास-तास छातीला लागतं, ते दूध संपलं म्हणून नव्हे. लंगोट मोजायचे, चोवीस तासांत सहा ओले झाले आणि वजन चढतंय म्हणजे पुरतंय. डायपरमध्ये कळत नाही, म्हणून एक दिवस घरी लंगोटच बांध. धू तूच. डबा आणलाय तर आणलाय, एखादवेळी दिला म्हणून आभाळ कोसळत नाही. रात्रीचं पाजणं मात्र सुटू देऊ नका, त्यानं दूध टिकतं. आणि तिला खरंच नकोसं झालं असेल, तर तसं तिनं म्हणू दे. माझ्या एका वाक्यावरून नको. ती माझं नाव काढते का रे? म्हणजे रागानं?

शनिवारी रात्री अडीचला मी पाणी प्यायला उठले होते. तू पोरीला खांद्यावर टाकून मधल्या खोलीत येरझाऱ्या घालत होतास, पाठीवर हळूहळू थोपटत, ढेकर निघेपर्यंत. आतल्या खोलीत प्राजक्ता झोपलेली. तुझ्या बाबांनी तुला सहा महिने उचललं नव्हतं, आत्याबाईंच्या समोर लाजायचे. मी अंधारात उभी राहून बघत बसले, पाणी प्यायचं राहिलं. तेवढं बघून आठच तासांत तिला उंबऱ्यात तसं बोलले, ह्याचं काय करू?

उद्या ट्रॅव्हल्सनं अळिवाचे लाडू पाठवतेय. दूध वाढावं म्हणून नाही. तिला आवडतात, मागच्या वेळी चार खाल्ले होते. तिला तसंच सांग. स्टीलचा डबा आहे, झाकणावर बाबांचं नाव घातलंय, तेवढा परत आण.

तुझी
आई

ता. क. हे तिला दाखवू नकोस. किंवा दाखव. फोन तिनं उचलला तर मी आधी काय बोलू, तेवढं कळव.