खांब उभा, फलक बेपत्ता

महोदय,

चुकीच्या जागी लावलेल्या वाहतूक फलकांच्या तक्रारी बहुतेक वेळा ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ एवढ्या उत्तरावर निकाली निघतात. कारण काम वाटलेले आहे. पार्किंगबंदी वा एकेरी वाहतुकीची अधिसूचना वाहतूक पोलीस काढतात, खांब महापालिकेचा पथ विभाग रोवतो आणि फलकावर आलेली फांदी उद्यान विभागाकडे जाते. दिव्याच्या खांबाला पत्रा अडकवलेला असेल, तर विद्युत विभाग चौथा. म्हणून अर्ज एकच लिहावा, प्रती सगळ्यांना द्याव्यात, प्रत्येकीवर आवक क्रमांक घ्यावा आणि संयुक्त पाहणीची मागणी पहिल्याच परिच्छेदात करावी.

‘फलक नीट दिसत नाही’ या वाक्यावर कोणताही अभियंता काही करू शकत नाही. त्याला मोजमाप लागते. खांबावर किंवा जवळच्या दिव्यावर रंगवलेला क्रमांक, पदपथाच्या कडेपासूनचे अंतर आणि पत्र्याच्या खालच्या कडेची उंची लिहा. ही उंची दोन मीटरपेक्षा कमी असेल तर चालणाऱ्याचे डोके आपटते. पदपथ नव्या ब्लॉकने दर वेळी वर उचलला जातो आणि खांब तिथेच राहतो, त्यामुळे ही चूक फार आढळते. छायाचित्रे चालकाच्या डोळ्याच्या उंचीवरून, साधारण 1.2 मीटरवरून, 60, 40 आणि 20 मीटर अंतरावरून काढावीत. ताशी 50 किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते. फांदीआडचा ‘प्रवेश बंद’ 14 मीटरवर दिसला, तर वाचून थांबायला एकच सेकंद उरतो. झाडाचा अडथळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टिपावा. पावसाळ्यापूर्वीची छाटणी झाल्यावर तोच फलक मोकळा दिसतो आणि पाहणी अहवालात ‘अडथळा नाही’ असे लिहिले जाते. फांदी मात्र स्वतः तोडू नये, त्यासाठी परवानगी लागते.

रात्रीची तपासणी कुणीच करत नाही, आणि ती सर्वांत सोपी आहे. टॉर्च डोळ्याजवळ धरून फलकावर झोत टाकावा. परावर्तक फिल्म शाबूत असेल तर पत्रा उजळतो, मेलेली असेल तर काळे डाग दिसतात. टॉर्च कमरेजवळ धरला तर फसगत होते, कारण ही फिल्म प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवते.

गोल पाइपावर एकाच बोल्टने बसवलेला पत्रा हळूहळू फिरतो आणि गल्लीचा ‘प्रवेश बंद’ मुख्य रस्त्याकडे तोंड करतो. तिथे दोन क्लॅम्प मागावेत. पत्रा वाहनाच्या दिशेला काटकोनात, किंचित बाहेर वळवलेला असावा, म्हणजे हेडलाइटची चकाकी डोळ्यांत येत नाही. फलकासमोर जाहिरातीचा फ्लेक्स टांगलेला असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 116 चा उल्लेख करून पोलिसांकडे तक्रार द्यावी. फलक झाकणारी जाहिरात काढण्याचा अधिकार त्याच कलमात आहे.

पार्किंगच्या फलकांबाबत आणखी एक कागद हवा. माहितीच्या अधिकारात, 10 रुपये शुल्क भरून, त्या रस्त्याची अधिसूचना आणि तिच्यातली हद्द मागवावी. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. बंदी एका चौकापासून आणि खांब पन्नास पावले पुढे, असे निघाले तर तो कागद पथ विभागाच्या अर्जाला जोडावा, चलानाविरुद्धच्या तक्रारीलाही.

प्रशासनाकडे मागणी एवढीच आहे: पदपथ उखडताना काढलेला प्रत्येक फलक परत कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला बसवला याची दिवसाची आणि रात्रीची छायाचित्रे जोडल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम देयक मंजूर करू नये. आणि प्रत्येक खांबाच्या मागे जबाबदार विभागाचे नाव व क्रमांक रंगवावा.

– एक वाचक, पुणे