ड्रीमकास्टच्या हिशेबात एवढंही धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाजारात आपटलेल्या वस्तूंवर एक पान आलं होतं. त्यात सेगा कंपनीच्या ‘ड्रीमकास्ट’ या व्हिडिओ गेम कन्सोलला दोन ओळी मिळाल्या. नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानात आलं, मार्च २००१ मध्ये उत्पादन थांबलं, जगभरात ९० लाखांच्या थोडी वर विक्री झाली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही ते पान वाचून राहवलं नाही. मी शाहूपुरीत वडिलांनी सुरू केलेलं दुरुस्तीचं दुकान चालवते. पूर्वी टीव्ही, रेडिओ, टेपरेकॉर्डर. आता बहुतेक मोबाइल. ड्रीमकास्ट आमच्या टेबलावर उघडलं गेलं आहे. जे यंत्र मी स्क्रू काढून आतून पाहिलंय, त्याचा असा दोन ओळींत निकाल लागलेला मला बघवत नाही.

२००३-०४ च्या सुमारास गडहिंग्लजकडचे एक गृहस्थ ते पिशवीत घालून घेऊन आले. त्यांचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने जपानहून आणलेलं. घरी आल्या आल्या कुणीतरी भिंतीतल्या प्लगला लावलं. जपानी यंत्र १०० व्होल्टचं, आपली वीज २३० ची. आवाज झाला आणि सगळं थंड. मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “पोट उघडल्याशिवाय कळायचं न्हाई, उघड.” कोल्हापुरात तोवर व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला लावायचं ते स्वस्त यंत्र आणि ‘९९९ इन वन’ची पिवळी कॅसेट. तीच यंत्रं आमच्याकडे ढिगाने यायची, कधी अ‍ॅडॉप्टर जळलेला, कधी रिमोटची वायर तुटलेली. त्या यंत्रांत बघण्यासारखं फार काही नसायचं. एक काळा ठिपका, त्याखाली चिप, संपलं.

हे उघडलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. वरची सीडीची बैठक उचलली की एका बाजूला पॉवर सप्लाय, खाली मुख्य बोर्ड, पुढे चारही कंट्रोलरची पट्टी. सप्लायचा बोर्ड नुसत्या पिनांवर बसवलेला, वर ओढला की हातात. ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे तीन प्रवाह त्या पिनांतून खाली जातात. आमचं जळालं होतं ते एवढ्याच भागात, बाकीचं अंग शाबूत. आबांनी फुगलेला कपॅसिटर आणि फ्यूज बदलला, ओळखीच्या वाइंडिंगवाल्याकडून १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला आणि यंत्र उठलं. पहिल्यांदा चित्र काळं-पांढरं आलं, कारण जपानी यंत्राचा चित्राचा सिग्नल एनटीएससी पद्धतीचा आणि आमचा टेस्टिंगचा टीव्ही जुना, आपल्याकडच्या पाल पद्धतीचा. दुसऱ्या टीव्हीवर रंग आले. पुढे त्या गृहस्थांना इथे त्याच्या डिस्क मिळेनात, तेव्हा ते यंत्र आमच्याकडेच ठेवून गेले.

बाजूला एक डबी होती, खटका दाबून काढता येणारी. तो मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडणारा भाग. आपल्या वाचकांना मला हे ठासून सांगायचं आहे, कारण पुरवणीत त्याचा उल्लेखच नव्हता. १९९८ साली घरगुती गेमच्या यंत्रात टेलिफोनची तार खोचायची सोय जन्मापासून देणारी ही पहिली मोठी कंपनी. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून. आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं ती कॅफेत तासावर पैसे मोजून वापरायची चीज होती. त्या दिवसांत २००० सालच्या अखेरीस ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ हा गेम या यंत्रावर आला. जपानी, अमेरिकन, जर्मन पोरं एकाच मोहिमेवर निघायची. भाषा वेगळ्या, म्हणून त्यांत तयार शब्द निवडून वाक्य जुळवायची सोय होती. समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसायचं. आज आमच्या गल्लीतली मुलं रात्री हेडफोन लावून परदेशातल्या अनोळखी मुलांबरोबर खेळतात, त्याची पायवाट तिथे पडली.

कंट्रोलरच्या पोटात बसणारं मेमरी कार्ड तर मी अजून कौतुकाने दाखवते. त्याला स्वतःचा छोटा पडदा, ४८ बाय ३२ ठिपक्यांचा. खेळ चालू असताना तो तुमच्या हातात काहीतरी दाखवत राहतो, आणि कार्ड बाहेर काढलं की त्याचं स्वतंत्रपणे चालणारं खिशातलं खेळणं होतं. आत दोन बटन सेल. सेल संपले की यंत्र चालू करताना असा ‘पीऽऽ’ आवाज करतं की पहिल्यांदा ऐकणारा दचकतो.

आता ते बंद का पडलं याबद्दल. ‘ग्राहकांनी नाकारलं’ असं आपण छापलंत. अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ला ते १९९ डॉलरला आलं, तेव्हा पहिल्या २४ तासांत सव्वादोन लाखांच्या आसपास यंत्रं विकली गेली. याला नाकारणं म्हणत नाहीत. सेगाच्या आधीच्या ‘सॅटर्न’ या कन्सोलने कंपनीचं दिवाळं काढायची वेळ आणली होती, दुकानदारांचा विश्वास उडालेला होता, आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या मोठ्या गेम कंपनीने ड्रीमकास्टसाठी काही बनवलंच नाही. मार्च २००० मध्ये सोनीचं प्लेस्टेशन २ जपानात आलं. ते डीव्हीडी चालवायचं, आणि त्या काळी घरात डीव्हीडी आणायचा तो बऱ्यापैकी स्वस्त मार्ग होता. लोक सोनीसाठी थांबले. भरीला चोरीच्या सीड्या. सेगाने जवळपास एक जीबी मावेल अशी स्वतःची जीडी-रॉम डिस्क यामाहाबरोबर बनवली होती, नक्कल होऊ नये म्हणून. पण गाण्यांच्या खास सीडीसाठी ठेवलेल्या एका वाटेतून २००० साली लोक आत शिरले. प्लेस्टेशनला चोरीचा गेम चालवायचा तर आत चिप बसवावी लागायची, इथे तर सोल्डरिंग गनसुद्धा नको. मी या धंद्यातली आहे, म्हणून सांगते, ही फार मोठी फट होती.

कंपनीचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांच्याबद्दलही लिहायला हवं. त्यांनी सेगाला स्वतःच्या खिशातून पैसे दिले होते. जाण्यापूर्वी त्यांनी ते कर्ज माफ केलं आणि आपले कोट्यवधी डॉलरचे शेअरही कंपनीला देऊन टाकले. उत्पादन थांबणार हे जाहीर झालं ३१ जानेवारी २००१ ला, आणि मार्चच्या मध्यावर ओकावा वारले. सेगा त्या पैशावर तगली. यंत्रं बनवणं सोडून तिने दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी गेम बनवायला घेतले आणि आजही बनवते. आपल्या पानावर ‘कंपनी बुडाली’ असा सूर होता, तो कृपया दुरुस्त करावा.

माझ्या कामाशी सगळ्यात जवळचा धागा मात्र चित्र काढणाऱ्या चिपचा आहे. ड्रीमकास्टमधली पॉवरव्हीआर ही चिप एनईसी आणि व्हिडिओलॉजिक यांची. तिची पद्धत वेगळी. ती पडद्याचे लहान चौकोन पाडते आणि एका चौकोनात कोणती वस्तू कोणाच्या आड आहे हे आधी ठरवते. जे दिसणारच नाही ते रंगवतच नाही. त्यामुळे मेमरीकडे हेलपाटे कमी, वीज कमी, उष्णता कमी. टीव्हीखाली ठेवायच्या यंत्रात या काटकसरीचं फारसं कुणाला अप्रूप नव्हतं. पण बॅटरीवर चालणारा फोन आला तेव्हा नेमकं हेच हवं होतं. व्हिडिओलॉजिक पुढे इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज झाली, आणि २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये पॉवरव्हीआरच होती. त्याच वर्षीच्या नोकिया एन९५ मध्येही, २०१० च्या पहिल्या सॅमसंग गॅलेक्सी एसमध्येही. हे फोन माझ्या टेबलावर येऊन गेले आहेत. ते उघडताना मला आबांचा तो ट्रान्सफॉर्मर लावलेला जपानी डबा आठवायचा. ज्या यंत्राला अडीच वर्षं जेमतेम मिळाली, त्याच्या चिपचं कूळ नंतर लोकांच्या खिशात गेलं. विक्रीच्या आकड्यात हे कुठे मांडणार?

कोल्हापूरकरांना हे समजायला जड नाही. बाबूराव पेंटरांनी इथे स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. ती कंपनी पुढे बंद पडली. पण दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम तिथेच घडले, आणि १९२९ मध्ये त्यांनी कोल्हापुरातच प्रभात काढली. महाराष्ट्र फिल्म कंपनीने किती तिकिटं खपवली यावर आपण तिचं मोल ठरवत नाही. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, आणि त्याच्यासमोरून जाताना मला दरवेळी बरं वाटतं की या गावाने एका यंत्राची आठवण ठेवली.

ड्रीमकास्टवरचं काम तर अजून चालू आहे. जपानात त्याचे अधिकृत गेम २००७ पर्यंत निघाले. हौशी प्रोग्रामरांनी त्याच्यासाठी ‘कॅलिस्टीओएस’ नावाची मोफत सामग्री तयार केली आहे; ती उतरवून घेऊन कुणीही सी भाषेत लिहिलेला कार्यक्रम या यंत्रावर चालवू शकतो. टेलिफोनची तार गेली, तर लोकांनी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला मोडेम जोडून यंत्राला खोटी डायल टोन ऐकवायला सुरुवात केली. यंत्राला वाटतं फोन लागला, आणि जुने ऑनलाइन गेम हौशी लोकांच्या सर्व्हरवर पुन्हा चालतात. २०२४ च्या अखेरीस तर काही जणांनी ‘जीटीए ३’ हा एका अख्ख्या शहरात फिरायचा गेम ड्रीमकास्टवर चालवून दाखवला. तो गेम २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेला, जिथे मुख्य मेमरी ३२ एमबी होती. ड्रीमकास्टमध्ये १६. अर्ध्या जागेत एक अख्खं शहर बसवलं त्यांनी, आणि तेही पगाराशिवाय.

माझ्याकडे इंटर्नशिपला डिप्लोमाची मुलं येतात. हुशार असतात. पण त्यांनी हाताळलेलं प्रत्येक यंत्र गोंदाने चिकटवलेलं, एका बोर्डावर सगळं दाबून बसवलेलं. पॉवर सप्लाय कुठे संपतो आणि प्रोसेसर कुठे सुरू होतो हे बोट ठेवून दाखवता येत नाही. मी त्यांच्यापुढे ड्रीमकास्ट ठेवते. कंट्रोलर चालेना? पुढच्या पट्टीवरचा बारका फ्यूज बघा. मधेच आपोआप रिसेट होतंय? सप्लायच्या पिना काळ्या पडल्या असतील, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दरवेळी तारीख विचारतंय? आतला चार्ज होणारा सेल म्हातारा झाला. काढा, होल्डर टाका, नवा एमएल २०३२ बसवा, साधा सीआर २०३२ नको, कारण त्याला चार्जिंग सोसत नाही. लक्षण, कारण, उपाय, तिन्ही डोळ्यांसमोर. तासाभरात मुलांचे हात धिटावतात. हल्लीच्या कोणत्या यंत्रावर मी हे शिकवू?

म्हणून एक मागणी करते, आणि आपल्या वृत्तपत्राने ती लावून धरावी. ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू बघायला आम्ही शाळेतून टाउन हॉलच्या संग्रहालयात गेलो होतो. कणेरी मठावर जुन्या गावगाड्याचे देखावे उभे आहेत. तसंच चालू स्थितीतली जुनी इलेक्ट्रॉनिक यंत्रं मुलांना उघडून बघता येतील, अशी एक खोली शहरातल्या एखाद्या तंत्रशिक्षण संस्थेने द्यावी. काचेच्या कपाटात ठेवून उपयोग नाही. टेबल, स्क्रूड्रायव्हर, मीटर आणि शिकवणारं कुणीतरी हवं. आठवड्यातून एक संध्याकाळ मी द्यायला तयार आहे, आणि आमचं ड्रीमकास्ट ट्रान्सफॉर्मरसकट देईन.

हे लवकर व्हायला हवं. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीत पाणी शिरलं, तेव्हा खालच्या फळ्यांवरचं सगळं गेलं. माळ्यावर जेवढं चढवता आलं तेवढंच राहिलं, त्यात हे एक. पाणी उतरल्यावर गल्लीगल्लीतून भंगाराच्या गाड्या भरून गेल्या. त्यांतली सगळीच यंत्रं काही वाया गेलेली नव्हती. गोड्या पाण्यात भिजलेला बोर्ड वेळेत धुऊन वाळवला तर बऱ्याचदा परत चालतो, पण तेवढा धीर त्या दिवसांत कुणाकडे होता?

जाता जाता वाचकांना एक विनंती. माळ्यावर, ट्रंकेत असं एखादं जुनं गेमचं यंत्र सापडलं, तर किलोवर घालू नका आणि लगेच प्लगलाही लावू नका. खालचं लेबल वाचा. १०० किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या विजेला ते सरळ जोडायचं नाही. मेमरी कार्डात बटन सेल असतील तर ते आधी काढून ठेवा, नाहीतर गळून पत्रे खातात. आणि उघडायचा धीर होत नसेल तर ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या.

आपली नम्र,
एक दुरुस्ती कारागीर,
शाहूपुरी, कोल्हापूर