‘भूक लागनी’ म्हणणाऱ्या लेकरांना गप्प करू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातील एका गावात राहणारी, दोन लहान मुलांची आई आहे. मुलगा पाच वर्षांचा आहे आणि मुलगी नुकतीच दोन वर्षांची झाली. जून जवळ आला की आपल्या दैनिकात शाळाप्रवेशाच्या बातम्या येऊ लागतात आणि गावोगावच्या आई-वडिलांची धावपळ सुरू होते. ती पाहताना आमच्या घरात जे घडले ते सांगितले पाहिजे, निदान आमची चूक दुसऱ्या कोणाच्या घरात होऊ नये, असे मला सारखे वाटत होते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या घरात अहिराणी ही खानदेशातली भाषा बोलली जाते. माझे शिक्षण मराठीतून पदवीपर्यंत झाले आहे, यजमान शेती करतात आणि सासू-सासरे आमच्याजवळच असतात. थोरला बोलायला लागला तो अहिराणीतूनच. त्याचा पहिला शब्द ‘माय’ होता आणि तो माझ्यासाठी नव्हता, सासूबाईंसाठी होता. यजमान त्यांना माय म्हणतात, तेच त्याने उचलले. तीन वर्षांचा असताना एकदा पहिल्या पावसाआधीचा गडगडाट ऐकून तो अंगणातून धावत घरात आला आणि त्याने विचारले, ‘आभायमा कोन गाडं हाकी ऱ्हायना?’ आभाळात गाडे कोण हाकत आहे, हा त्याचा प्रश्न होता. सासरे दोर वळत बसले होते, त्यांनी हात थांबवला आणि नातवाला मांडीवर घेऊन ते बराच वेळ त्याच्याबरोबर आभाळाकडे पाहत राहिले. दगडांवरून जाणाऱ्या बैलगाडीच्या चाकांचा खडखडाट त्या लेकराने ऐकलेला होता, आणि त्या आवाजाशी मेघांच्या आवाजाचे नाते त्याचे त्यानेच जोडले होते. त्या दिवशी मी किती दमले होते ते आता आठवत नाही, पण ते वाक्य जसेच्या तसे आठवते.

लहान मुले वाढवणे सोपे असते असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, रात्री वीज गेली की दोघांच्या अंगावरचे घामोळे चुणचुणते आणि एक झोपले की दुसरे उठते. अशा रात्री ओल्या फडक्याने त्यांची अंगे पुसत, झोळीला हात देत मी पहाट पाहिलेली आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत तर धाकलीला बरोबर शेतात न्यावेच लागते. बांधावरच्या निंबाला झोळी बांधायची आणि अर्धे लक्ष कपाशीत, अर्धे झोळीत ठेवायचे. कधी कधी दोघांच्या रडण्याने मीही रडले आहे. परंतु या सगळ्यात मला कोणी सावरले असेल तर ते या मुलांच्या बोलण्याने. धाकली सध्या अंगणात दाणे टिपायला येणाऱ्या चिमण्या पाहून ‘चिडी वनी’, म्हणजे चिमणी आली, असे म्हणते, आणि त्या उडाल्या की तेवढ्याच आनंदाने ‘चिडी उडनी’ म्हणते. दिवसातून वीस वेळा हे दोन वाक्यांचे बोलणे चालते आणि विसाव्या वेळीही ते ऐकावेसे वाटते.

थोरल्याला आम्ही तालुक्याच्या गावी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत छोट्या गटात घातले. त्याचे भले व्हावे एवढाच त्यात हेतू होता आणि त्या शाळेवर ठपका ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पहिल्याच पालकसभेत आम्हाला सांगण्यात आले की मुलगा फार ‘गावठी’ बोलतो, इतर मुले हसतात, तेव्हा घरी अहिराणी बंद करा आणि मराठी व इंग्रजीच बोला. आम्ही ते मनावर घेतले. घरी आल्यावर मी सासूबाईंनाही सांगितले की आजपासून त्याच्याशी शुद्ध बोलायचे. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली.

त्यानंतरचे तीन-चार महिने मला आठवले की अजूनही वाईट वाटते. सासूबाईंना शुद्ध मराठी समजते, पण बोलता येत नाही. त्यामुळे त्या नातवाशी बोलेनाशाच झाल्या. पूर्वी संध्याकाळी भाकरी थापताना त्या त्याला चुलीजवळ बसवून गोष्टी सांगायच्या, पिठाची चिमणी करून द्यायच्या, कोणाच्या शेतात काय झाले ते सांगायच्या. आता त्या नुसती भाकरी थापायच्या आणि तो नुसता बसून राहायचा. मी मराठीत काही विचारले तर तो ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणे. एवढे प्रश्न विचारणारा मुलगा प्रश्न विचारायचा थांबला, आणि आम्ही समजत होतो की तो शहाणा झाला, शांत झाला.

एके दिवशी तो शाळेतून ओल्या चड्डीने घरी आला. वर्गात लघवीला जायचे असेल तर इंग्रजीतले ठरलेले वाक्य म्हणूनच परवानगी मागायची असा नियम होता. ते वाक्य त्याला त्या घटकेला आठवले नाही, मराठीतले नीट जुळले नाही, आणि ‘शू लागनी’ म्हटले तर सगळे हसतील हे त्याला चांगले ठाऊक होते. म्हणून तो काहीच बोलला नाही. चार वर्षांच्या मुलाने शरीराची एवढी साधी गरजही भाषेच्या लाजेपायी दाबून धरावी, याला मी त्याची आई म्हणून जबाबदार आहे असे मला त्या दिवशी वाटले. त्याच आठवड्यात त्याला ताप आला. मध्यरात्री मी उशाशी बसले होते, तरी त्याने हाक मारली ती आजीला, आणि म्हणाला, ‘मोठी माय, मन्हं डोकं दुखस.’ दुखणे सांगताना त्याला त्याची भाषा सापडली होती. सासूबाईंनी त्याचे डोके मांडीवर घेतले आणि कित्येक महिन्यांनी त्या त्याच्याशी अहिराणीत बोलल्या. मी त्यांना थांबवले नाही, आणि पुन्हा कधीही थांबवले नाही.

पुढे जे झाले ते आवर्जून सांगण्यासारखे आहे. दिवाळीनंतर त्याच्या वर्गाला दुसऱ्या मॅडम आल्या. त्या पारोळ्याकडच्या आहेत. कोपऱ्यात गप्प बसलेल्या माझ्या मुलाजवळ जाऊन त्यांनी हलक्या आवाजात विचारले, ‘काय व्हयनं रे भाऊ?’ एवढ्या एका वाक्याने तो बोलू लागला. त्या मॅडम कविता इंग्रजीच शिकवतात, अक्षरे इंग्रजीच गिरवून घेतात, परंतु मूल जे सांगत असेल ते आधी त्याच्या भाषेत पूर्ण ऐकून घेतात आणि मग तेच मराठीत व इंग्रजीत कसे म्हणायचे ते सांगतात. आज माझा मुलगा तिन्ही भाषांत बोलतो. आजीशी अहिराणी, माझ्याशी बहुतेक मराठी आणि मॅडमशी इंग्रजी, हे कोठे काय बोलायचे ते त्याला कोणी शिकवले नाही. अहिराणी राहिल्याने त्याचे इंग्रजी मागे पडले नाही. उलट अहिराणी बंद होती तेव्हा त्याचे सगळेच बंद पडले होते.

अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, हा समज मनातून काढावा अशी माझी पालकांना व शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. तिला स्वतःचे नियम आहेत. मराठीतला ‘ळ’ तिच्यात ‘य’ होतो, म्हणून डोळा ‘डोया’ आणि आभाळ ‘आभाय’ होते. मराठीत भूक ‘लागली’, तर अहिराणीत ‘लागनी’. आणि आभाळात म्हणायचे तर गुजरातीसारखा ‘मा’ लावून ‘आभायमा’. माझ्या मुलाने विचारलेल्या त्या प्रश्नात हे नियम त्याने एकही चूक न करता पाळले होते. भाषाभ्यासक ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात 1907 सालीच खानदेशीची स्वतंत्र नोंद झालेली आहे, आणि 2011 च्या जनगणनेत अहिराणीसह खानदेशी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे 18 लाख 60 हजार आहे. बहिणाबाई चौधरी कधी शाळेत गेल्या नाहीत; आसोद्याला जन्मलेल्या त्या माउलीची बोली आमची अहिराणी नव्हती, लेवा गणबोली होती, पण तीही घरातली, शेतातली बोलीच. तिच्या तोंडच्या ओव्या मुलाने व नातलगाने टिपून ठेवल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत आल्या, आणि 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. ज्या जिल्ह्याच्या विद्यापीठाला हे नाव आहे, तेथील चार वर्षांच्या मुलाला बोलीत बोलल्याबद्दल खाली मान घालावी लागू नये.

कायदा व धोरणही मुलांच्या बाजूचे आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये प्राथमिक शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा वापरावी असे म्हटले आहे, आणि घरची भाषा माध्यमापेक्षा वेगळी असेल तर शिक्षकांनी दोन्ही भाषांचा आधार घेऊन शिकवावे असेही सांगितले आहे. पुस्तके अहिराणीत छापा असा माझा हट्ट नाही. अंगणवाडीत आणि छोट्या गटात येणाऱ्या मुलाचे पहिले काही महिने तरी त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलावे, आणि भूक, तहान, लघवी, दुखणे या चार गोष्टी मूल कोणत्याही भाषेत सांगो, त्या ताबडतोब ऐकल्या जाव्यात, एवढेच मी मागत आहे. याला पैसा लागत नाही. आपल्या भागातल्या बहुतेक अंगणवाडी सेविका याच मातीतल्या आहेत आणि त्यांतील कित्येक हे आपणहून करतातच. त्यांना ‘असे बोलू नका’ असे वरून सांगितले जाऊ नये.

आमच्यापेक्षा अवघड स्थिती सातपुड्यातल्या मुलांची आहे हेही येथे लिहिले पाहिजे. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला मराठी निदान अर्धीमुर्धी समजते. धडगाव, अक्कलकुवा या भागांतून पावरी किंवा भिली या आदिवासी भाषा बोलत शाळेत येणाऱ्या लेकराला पहिल्या दिवशी वर्गातले किती समजत असेल, आणि त्याच्या आईला घरी बसून काय वाटत असेल, याचा विचार माझ्या मुलाच्या त्या ओल्या चड्डीनंतर माझ्या मनातून जात नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला 97 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा मी मुलाला घेऊन गेले होते. त्या गर्दीत एका अनोळखी आजींनी त्याला ‘कोठला शेस रे भाऊ?’ असे विचारले आणि त्याने गावाचे नाव सांगून त्यांचे बोट धरले. तेव्हा तो शाळेत जात नव्हता आणि लाज त्याला माहीत नव्हती.

आपल्या दैनिकाकडे माझे एक मागणे आहे. आठवड्यातून एकदा, लहान मुलांसाठी, मोठ्या अक्षरांत, अहिराणीतली एखादी छोटी गोष्ट आपण छापावी. छापलेल्या कागदावर आपली भाषा दिसली की मुलांना आणि त्याहून अधिक त्यांच्या आई-वडिलांना ती लपवावीशी वाटणार नाही. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण चुलीजवळ सांगितलेल्या त्यांच्या गोष्टी अजून संपलेल्या नाहीत. आपण होकार कळवलात तर पहिली गोष्ट त्या सांगतील आणि मी उतरवून पाठवीन.

आपली विश्वासू,
दोन मुलांची आई
ता. अमळनेर, जि. जळगाव