माफी मागूनही प्रकरण का मिटत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘माझ्या बोलण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी व्यक्त करतो.’ हे वाक्य आपल्या पानांवर अधूनमधून छापून येतं. पुढारी ते म्हणतात, तालीम मंडळांचे कार्यकर्ते म्हणतात, चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच फिरतं. एवढं होऊन तंटा जिथल्या तिथं. वर ‘आम्ही माफी मागून मोकळे झालो, आता यांचंच मन मोठं नाही’ म्हणत चूक करणाराच रुसून बसतो. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथं क्षमेवर उपदेश होत आला आहे. उपदेश भरपूर झाला. कृती कशी करायची, यावर मात्र आम्ही ख्रिस्ती लोकही फारसं बोलत नाही. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ती बरीच तपशीलवार दिलेली आहे.

आधी कबुलीचं पाहू. राजा शौल आणि राजा दावीद, दोघांच्याही तोंडी ‘मी पाप केलं आहे’ हेच शब्द आहेत. अमालेकी या शत्रू टोळीचं सगळं नष्ट कर, अशी शौलाला देवाची आज्ञा होती. त्याने चांगली गुरंमेंढरं राखून ठेवली (१ शमुवेल १५). शमुवेल संदेष्ट्याने जाब विचारला तेव्हा तो आधी म्हणाला, मी आज्ञा पाळली. मग म्हणाला, मेंढरं लोकांनी आणली, आणि तीही देवाला अर्पण करायला. सगळ्या वाटा बंद झाल्यावर कबुली आली, तिलाही ‘मी लोकांना भ्यालो’ हे शेपूट होतं. आणि पाठोपाठ मागणी, वडीलजनांसमोर माझा मान राख! दाविदाचा गुन्हा याहून भयंकर होता. आपल्याच सैनिकाची, उरीयाची बायको त्याने घेतली आणि उरीयाला लढाईत पुढे ठेवून मारवलं. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे’ (२ शमुवेल १२:१३). पुढे कारण नाही, मागणी नाही. त्याला क्षमा तिथल्या तिथे मिळाली. परिणाम मात्र टळले नाहीत, ते त्याच्या घराने पुढे कितीतरी वर्षं भोगले.

म्हणून माफीचं वाक्य बोलायच्या आधी कागदावर लिहून पाहावं. काय केलं, कुणाचं केलं, केव्हा केलं, आणि तिथं पूर्णविराम. ‘पण तुम्हीसुद्धा’, ‘त्या वेळची परिस्थिती’, ‘गैरसमज झाला’ यातलं काही आलं की आपण शौलाच्या वाटेला लागलो समजा. ‘दुखावलं असल्यास’ म्हटल्यावर तर चूक झाली की नाही, हेच ठरवायचं काम समोरच्याच्या गळ्यात पडतं.

आता भरपाई. आमच्यातही हा भाग सगळ्यांत जास्त गाळला जातो. गणना ५:६-७ मध्ये क्रम स्पष्ट आहे: पाप कबूल करावं, घेतलेलं पुरतं परत करावं, वर त्याचा पाचवा हिस्सा द्यावा. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. जमीन दोघा भावांची, ऊस थोरल्याच्या नावावर जातो, बिल त्याच्याच खात्यावर येतं. त्याने धाकट्याला २० हजार कमी दिले. तर परत करायचे २४ हजार. धाकटा वारला असेल तर त्याच्या बायकापोरांना. पुढचंच वचन सांगतं की घेणारा नाही म्हणून देणं बुडत नाही. आपल्याकडे होतं काय? थोरला पाया पडतो, डोळ्यांत पाणी आणतो, दोन्ही घरं एकत्र जेवतात आणि वीस हजारांचा विषय कुणी काढतच नाही. मग पुढच्या हंगामात भाऊबंदकी दुप्पट जोराने उसळते. जकातदार जक्कयाने फसवून घेतलेल्याच्या चौपट परत द्यायची तयारी दाखवली (लूक १९:८). मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं, हा निर्गम २२ मधला चोराचा दर आहे. म्हणजे तो स्वतःला चोराच्या रांगेत उभं करत होता, आणि तेही चारचौघांत.

चारचौघांत की खासगीत, हाही प्रश्न असतोच. कुणाचं तुमच्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढे तसंच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं मत्तय ५:२३-२४ चूक करणाऱ्याला सांगतं. मत्तय १८:१५ ज्याच्यावर अन्याय झाला त्याला सांगतं की तू जा, एकटा जाऊन बोल. म्हणजे वाट बघत बसायची मुभा दोघांनाही नाही. एकट्याने जाऊन जमलं नाही तर एक-दोन साक्षीदार न्यावेत, तरीही ऐकलं नाही तरच मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभासदांपुढे, ठेवावं. आमच्याकडे हे उलट्या क्रमाने चालतं. आधी ग्रुपवर मोघम मेसेज, मग प्रार्थनासभेत ‘अमुक कुटुंबासाठी प्रार्थना करा’ असा सूचक विषय, मग पाळकसाहेबांकडे गाऱ्हाणं, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्या कानावर सगळ्यांत शेवटी. उलट, चूकच उघड्यावर झाली असेल तर कोपऱ्यात घेऊन ‘सॉरी’ म्हणणं पुरत नाही. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र सगळ्यांदेखत चुकला, म्हणून प्रेषित पौलाने त्याला सगळ्यांदेखतच बोलून दाखवलं (गलती २:११-१४). रागावू नका, पण पहिल्या पानावरच्या चुकीची दुरुस्ती आतल्या पानावर बारीक टायपात छापणाऱ्या वर्तमानपत्रांनाही हे लागू आहे!

क्षमा करणाऱ्याची बाजू सोपी आहे असं कुणी समजू नये. मत्तय १८ मधल्या दाखल्यात एका चाकराला राजा दहा हजार तालांतांचं कर्ज सोडतो आणि तोच चाकर सोबत्याला शंभर दिनारांसाठी गळा धरून तुरुंगात टाकतो. हे शंभर दिनार उपदेशात ‘क्षुल्लक रक्कम’ म्हणून उडवले जातात. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. आज रोज पाचशे रुपये धरला तर शंभर दिनार होतात पन्नास हजार. गरिबाला ही रक्कम काही थोडीथोडकी नाही. एक तालांत सुमारे सहा हजार दिनारांचा, म्हणजे याच हिशेबाने राजाने सोडलेलं कर्ज तीन हजार कोटींचं. दुखावलेल्या माणसाचं नुकसान खरं आहे, हे दाखला नाकारत नाही. त्याच्या शेजारी तो दुसरा आकडा ठेवतो. म्हणून ‘सोड की, त्यात काय एवढं’ असं म्हणणाऱ्याने आधी पन्नास हजार मोजावेत.

क्षमेच्या नावाखाली एक गोष्ट सर्रास खपवली जाते, तिला माझा पूर्ण विरोध आहे. मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि नांदायला जा’ असं सांगणं शास्त्रात कुठेही बसत नाही. मनातला सूड सोडणं वेगळं, आणि पुन्हा त्याच घरात राहणं वेगळं. ती क्षमा करूनही कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली (२००५) संरक्षण मागू शकते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण तर मंडळीने आपसांत मिटवायचंच नसतं. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, दडपणं हा गुन्हा आहे. ‘एकट्याने जाऊन बोल’ ही पायरी अशा जागी लावूच नये.

मंडळ्यांना एक सूचना. प्रभुभोजनाची (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची) घोषणा आधीच्या रविवारी होते, तेव्हाच सांगावं की ज्याच्याकडे जायचं राहिलं आहे त्याच्याकडे शनिवारपर्यंत जाऊन या. १ करिंथ ११:२८ मधल्या आत्मपरीक्षणाला तेवढे सहा दिवस तरी मिळतील. जाऊनही समोरच्याने दार उघडलं नाही, तर? ‘शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं’ शांतीने राहा, असं रोम १२:१८ सांगतं. दुसऱ्याच्या दाराची कडी आपल्या हातात नसते हे पौलाला माहीत होतं. समोरच्याने क्षमा केली नाही म्हणून ते २४ हजार मात्र खिशात ठेवायचे नाहीत. खातं नंबर मिळवून भरायचे आणि पावती मागत बसायचं नाही.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, कोल्हापूर