स्पोअर टेस्टचा 'नो ग्रोथ' रिपोर्ट आणि इन्क्युबेटरचं टेंपरेचर

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दवाखान्यांच्या स्वच्छतेवर तुमच्या पेपरात अधूनमधून पत्रं येतात, त्यात फरशी, बेडशीट, संडास सगळं असतं, पण ऑपरेशनची इन्स्ट्रुमेंट्स ज्या ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनमधून, निघतात त्याच्या टेस्टबद्दल कोणी लिहीत नाही. मी बरीच वर्षं मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो, म्हणून लिहितोय.

इन्स्ट्रुमेंट भरलेल्या ड्रमवरच्या टेपला काळे पट्टे आले की माल निर्जंतुक झाला असं बऱ्याच जणांना वाटतं. ती टेप फक्त तिथपर्यंत उष्णता पोचली एवढंच सांगते. जंतू मेले का हे बघायला स्पोअर टेस्ट लागते. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूचे बीजाणू, म्हणजे स्पोअर (जंतूचं चिवट, सुप्त रूप), असलेली स्ट्रिप लोडच्या, म्हणजे आत भरलेल्या सामानाच्या, मधोमध ठेवायची, 121 डिग्रीची सायकल चालवायची, मग ती मीडियात, म्हणजे जंतू वाढवायच्या खाद्यात, टाकून काही वाढतं का बघायचं. नाही वाढलं तर रिपोर्टवर 'नो ग्रोथ'.

गोम इथेच आहे. हा जंतू 55 ते 60 डिग्रीला वाढणारा आणि छोट्या लॅबमध्ये इन्क्युबेटर (जंतू वाढवायला ठराविक टेंपरेचर राखणारी पेटी) असतो एकच, तोही 37 वर, कारण लघवी-थुंकीतले जंतू वाढवून बघायचे कल्चर त्यातच लावायचे असतात. स्ट्रिप त्यातच ठेवली तर जिवंत स्पोअरसुद्धा उगवणार नाही आणि रिपोर्ट येईल एकदम चांगला! बरं, वेगळा इन्क्युबेटर घेतला तरी लोडशेडिंगमध्ये रात्रभर थंड पडला तर काय, किंवा इतक्या गरमीत आत पाण्याचा ट्रे नाही म्हणून मीडियाच सुकला तर काय? शेतकरी पेरणीआधी सोयाबीन गोणपाटात गुंडाळून उगवण बघतो, पण गोणपाट ओलंच केलं नाही तर बी मेलं असं तो म्हणेल का?

शिवाय ट्रीटमेंटमधून वाचलेला स्पोअर धडधाकट नसतो, जखमी असतो. तो उशिरा उगवतो, पीएच, म्हणजे मीडियाचा आंबटपणा, थोडा इकडेतिकडे झाला तरी अडतो, एरवी ज्या टेंपरेचरला जोमाने वाढला असता त्यापेक्षा थोडं कमी असेल तर कधीकधी जास्त संख्येने परत येतो. म्हणून मीडियात स्टार्च घालतात, ते वाढ रोखणारे फॅटी ॲसिड शोषून घेतं. म्हणूनच साधी स्ट्रिप सात दिवस ठेवायची पद्धत आहे, दुसऱ्याच दिवशी सही करून मोकळं व्हायचं नसतं.

औषधात बुडवून निर्जंतुक करतात तिथे तर अजून जपायला पाहिजे. हायपोक्लोराइट या क्लोरीनच्या औषधानंतर सोडियम थायोसल्फेट घालून उरलेलं क्लोरीन मारलं नाही तर ते मीडियातही काम करतच राहतं, आणि आपल्याला वाटतं बुडवलं तेवढ्यातच सगळे मेले. ग्लुटारल्डिहाइड या बुडवायच्या दुसऱ्या औषधाचं तर विशेषच, मेले असं धरलेले काही स्पोअर नंतर सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे अल्कलीने धुतल्यावर परत वाढले, असं ब्रिटनमधल्या संशोधकांनी 1989 मध्येच दाखवलंय.

2016 च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांत कचऱ्याच्या ऑटोक्लेव्हसाठी किमान दहा लाख स्पोअरची स्ट्रिप किंवा व्हायल (छोटी बाटली) वापरा असं स्पष्ट लिहिलंय, आणि ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली एक कंट्रोल स्ट्रिपही ठेवायला सांगितलंय. ती कंट्रोल वाढलीच पाहिजे. नाही वाढली तर टेस्ट रद्द, 'पास' नाही. आणि हे कंट्रोलचं तत्त्व कचऱ्यापुरतं नाही, पेशंटच्या पोटात जाणाऱ्या इन्स्ट्रुमेंटच्या टेस्टलाही तेवढंच लागू आहे.

माझी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे की प्रत्येक स्पोअर रिपोर्टवर इन्क्युबेटरचं रोज नोंदवलेलं टेंपरेचर, स्ट्रिप किती दिवस ठेवली, औषध वापरलं असेल तर ते कशाने न्यूट्रल केलं आणि कंट्रोल वाढली की नाही, एवढं छापणं सक्तीचं करा. यासाठी नवीन मशीन लागत नाही, फॉर्ममध्ये चार रकाने वाढवायचेत. आणि डेंटल क्लिनिक चालवणाऱ्या डॉक्टरांनी तर लॅबला आजच फोन करून विचारावं की आमची स्ट्रिप किती डिग्रीला ठेवता.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, परभणी