‘रडू नका’ म्हणण्यापूर्वी

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षांचे निकाल लागले, कुठे पूर आला, कुठे शेतकऱ्याने जीव दिला, की आपल्या दैनिकासह बहुतेक वृत्तपत्रांत मन कणखर कसे करावे, यावर लेख येतात. ते चांगल्या हेतूने लिहिलेले असतात, हे मान्य करूनही त्यांतल्या एका समजुतीविषयी लिहावेसे वाटते. कणखर माणूस म्हणजे दुःख आत दाबून उभा राहणारा आणि स्वीकार म्हणजे झाले ते विसरून कामाला लागणे, असे त्यांत बहुधा धरून चाललेले असते. मुळशी तालुक्यात प्राथमिक शिक्षिका म्हणून नोकरीची सारी वर्षे काढलेल्या मला हे पटत नाही, आणि न पटण्याचे कारण आमच्या घरच्या जात्यापाशी आहे.

मी सात वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ साप चावून गेला. पंधरा दिवस घरात माणसांची रीघ होती आणि येणारा प्रत्येक जण आईला ‘पोरीकडे बघ, धीर धर’ असे सांगून जात होता. आई कोणासमोर रडली नाही. तिच्या धीराचे गावाने कौतुकही केले. पुढे एका पहाटे मला जाग आली ती जात्याच्या घरघरीने. आई आणि चुलती समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालून नाचणी दळत होत्या आणि आई ओवीत भावाचे नाव घेत होती. तो खळ्याकडे कधी गेला, अंगात कोणता सदरा होता, त्याच्या वाटणीची अर्धी भाकरी शिंक्यात कशी राहून गेली, हे सारे ती जात्याला सांगत होती. चुलतीने समजूत घातली नाही. आईचा गळा दाटून ओवी तुटली की ती उचलून पुरी करायची आणि पुढची मूठ जात्याच्या तोंडात टाकायची. असे किती दिवस चालले ते आठवत नाही. पण पीठ रोज लागत होते, त्यामुळे बोलायलाही रोज जागा होती.

हे आमच्या एका घरापुरते नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी ऐंशीच्या दशकापासून आमच्या मुळशी-मावळच्या डोंगरी भागातल्या आणि पुढे महाराष्ट्रभरातल्या हजाराहून अधिक गावांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या मिळवल्या. हा संग्रह एक लाखाच्या वर गेला आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर त्या ओव्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांत बायका जात्याला ईश्वर म्हणतात, डोंगरातला ऋषी म्हणतात, आणि आईपाशी उकलावे तसे हृदय त्याच्यापाशी उकलतात. नवऱ्याचा मार, सवत, लेकीच्या जन्माची वेदना, दूर राहिलेले माहेर, यांतले काहीही तिथे झाकून ठेवलेले नाही.

स्वीकार आणि सोसणे यांची आपण नेहमी गल्लत करतो, ती इथे उलगडते. भाऊ परत येणार नाही हे आईने मानले, तो स्वीकार. पण मार खाणारी बाई ओवीत मारणाऱ्याला मारणारा म्हणते, तेव्हा ती मार स्वीकारत नसते, तो खरोखर घडतो आहे एवढे ती आधी स्वतःशी कबूल करत असते. घडले ते मानणे आणि चालले आहे ते चालू देणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि ‘जे आहे ते स्वीकारा’ हा सल्ला पीडितांना देणाऱ्यांनी तरी ते ध्यानात ठेवायला हवे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या अतिशय क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते. घटना आणि तिच्याविषयीच्या भावना हे दोन्ही लिहिणाऱ्यांना त्या वेळी अधिकच वाईट वाटले. पुढच्या काही महिन्यांत मात्र आजारपणासाठी विद्यापीठाच्या दवाखान्यात जाण्याचे त्यांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम माफकच दिसला, तेव्हा त्याला रामबाण म्हणता येणार नाही. तरीही आधी वाईट वाटते आणि मग हलके वाटते, हा क्रम आमच्या आईला ठाऊक होता असे मला वाटते, कारण दळून उठल्यावर ती हसतमुख कधीच नसायची, पण चूल पेटवायची.

जात्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पहाटे पायली पायली दळणाऱ्या हातांना विचारल्याशिवाय त्या कष्टांत काव्य शोधू नये. गावात विजेची चक्की आली तेव्हा आई ‘सुटले गं बाई’ म्हणाली, आणि तिचे बरोबरच होते. फक्त त्या चक्कीबरोबर बोलण्याची जागाही गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी काही आली नाही. पुरुषांना तर ती आधीही नव्हती. पारावर राजकारण बोलले जाते, नापिकी आणि सावकाराचा तगादा तिथे कोणी मोकळेपणाने काढत नाही.

आमच्या बचत गटातल्या एका बाईचा तरुण मुलगा दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. महिन्याने ती बैठकीला आली, हप्ता भरला आणि उठू लागली. कोणीतरी तिचा हात धरून ‘बस थोडी’ म्हटले. मग ती अर्धा तास बोलत होती: गाडीचे हप्ते अजून चालू आहेत, त्याच्या चपला दारातून हलवायला हात होत नाही, नातेवाईक ‘आता सावर’ म्हणतात त्याचा राग येतो. तेव्हापासून जमाखर्च झाल्यावर ज्या बाईला बोलायचे असेल तिने बोलावे आणि ‘अगं, पण’ असे म्हणून मधे कोणी तोंड घालू नये, असे आम्ही ठरवले आहे. हा नियम पाळणे सर्वांत जड गेले ते मला. जन्मभर मुलांच्या चुका दुरुस्त केल्याचा तो परिणाम असावा. इतिवृत्तात ही वेळ ‘इतर विषय’ म्हणून नोंदवली जाते.

एवढ्याने सगळे भागते असे नाही. झोप उडाली, जेवण तुटले, जगणे नको वाटू लागले, तर गटाने नुसते ऐकत बसणे धोक्याचे आहे; तिथे डॉक्टरच हवा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी-सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. आमच्या गटातल्या एकीलाही तो माहीत नव्हता.

म्हणून आपणास दोन विनंत्या आहेत. हा क्रमांक निकालाच्या दिवसांपुरता न छापता रोज एका ठरावीक जागी छापावा. आणि मनःस्वास्थ्यावरच्या लेखांशेजारी आठवड्यातून एक स्तंभ वाचकांसाठी मोकळा ठेवावा, ज्यात ज्याला त्याला आपले दुःख नाव न देता आपल्या शब्दांत लिहिता येईल. त्याखाली तज्ज्ञांचा सल्ला मात्र छापू नये.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. मुळशी, जि. पुणे