निर्वाह भत्ता वेळेवर मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य सरकारने 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले, ही स्वागतार्हच बाब आहे. मात्र आर्णी, घाटंजी किंवा दिग्रसच्या खेड्यातून यवतमाळ-अमरावतीला गेलेल्या मुलामुलींचे शिक्षण बरेचदा शुल्कापेक्षा खोलीभाडे आणि मेसच्या पैशांपायी अडते.

याच खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. योजनांच्या हेतूबद्दल वाद नाही; अडचण आहे ती पैसे हाती पडण्याच्या वेळेची. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेश होतात, तेव्हा कोरडवाहू कास्तकाराचे पीककर्ज बियाण्यात आणि खतात जिरलेले असते, निंदणाची मजुरी रोख द्यावी लागते आणि कापसाचा पहिला वेचा निघायला दिवाळीची वाट पाहावी लागते. नेमक्या त्याच दिवसांत घरमालक अनामत मागतो आणि मेसवाला महिन्याची आगाऊ रक्कम. माझ्या मुलाचा भत्ता पुढल्या वर्षाचा अर्ज भरण्याची वेळ आली तरी खात्यात आला नव्हता. मेसच्या वहीतली त्याची उधारी फेडण्यासाठी आम्हाला घरातला कापूस, भाव चढण्याची वाट न पाहता, खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, विकून टाकावा लागला. भत्ता उशिरा का होईना मिळाला खरा, पण क्विंटलमागे बसलेला फटका कोणत्याच योजनेत भरून निघत नाही.

विलंब नेमका कुठे होतो, हेही पालकाला कळत नाही. भत्त्याचे अर्ज भरण्याच्या महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज महिनोन्महिने महाविद्यालयाकडे प्रलंबित दिसतो. विचारायला गेल्यास लिपिक वरच्या कार्यालयाकडे बोट दाखवतात आणि वरचे कार्यालय निधीकडे. एखादी त्रुटी निघून अर्ज परत आला, तर ते विद्यार्थ्याला अनेकदा मुदत संपत आल्यावरच समजते. (रोजमजुरीवर जाणाऱ्या आईबापांनी हे रोज मोबाइलवर पाहावे, अशी अपेक्षा असेल तर ती व्यवहाराला धरून नाही.)

दुसऱ्या वर्षापासूनच्या विद्यार्थ्यांची कागदपत्रे शासनाकडे आधीच तपासलेली असतात. त्यांना तरी निम्मा भत्ता प्रवेश निश्चित झाल्यापासून महिनाभरात द्यावा आणि उरलेला उत्पन्नाचा नवा दाखला व उपस्थिती पाहून द्यावा. तसेच प्रत्येक महाविद्यालयाने आपल्याकडे प्रलंबित असलेल्या अर्जांची संख्या आणि विलंबाचे कारण दर पंधरवड्याला सूचना फलकावर लावणे बंधनकारक करावे. समाजकल्याण व उच्च शिक्षण विभागांनी येत्या प्रवेशांपूर्वी तसा आदेश काढावा, ही विनंती.

— एक कास्तकार पालक, जि. यवतमाळ